घरच्या सोळा अँपिअरच्या पिनवर वेल्डिंग मशीन: किती चालते आणि कुठं थांबायचं

तासगावकडच्या एका तरुण बागायतदारानं विचारलंय: "काका, २०० अँपिअरची छोटी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतली. घराचं फाटक आणि बेदाणा शेडचे रॅक स्वतः करायचेत. स्वयंपाकघरातल्या मोठ्या पिनला तीस मीटरचं एक्स्टेन्शन लावून चालवतोय. दहा नंबरचा रॉड सारखा चिकटतो आणि तीन-चार रॉड झाले की एमसीबी पडते. ओळखीचा एक जण म्हणतो, १६ ची काढ आणि ३२ ची टाक. टाकू का? की घरच्या लाइटवर ही मशीन चालतच नाही?"

पहिल्यांदा उत्तर देतो, मग कारणं सांगतो. ३२ ची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, अजिबात टाकू नकोस. मशीन घरच्या लाइटवर चालते, पण बारा नंबरच्या रॉडवर (नंबर जितका मोठा तितका रॉड बारीक), ७० ते ८० अँपिअरला, आणि ते एक्स्टेन्शन बदलल्यावर. दहा नंबर चालवायचाच असेल तर मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढावी लागेल. ती कशी ओढायची तेही खाली लिहितो.

मी पंचवीस वर्षं मिरज-कुपवाड भागात फॅब्रिकेशन करतोय आणि वायरिंगही करतो. त्यामुळं रॉडच्या टोकाला काय होतं आणि भिंतीच्या आत काय होतं, या दोन्ही बाजू पाहिल्यात. लोक फक्त रॉडची बाजू बघतात, कारण तीच डोळ्यांसमोर असते.

एमसीबीपासून सुरुवात करू. एमसीबी मशीनला जपायला बसवलेली नसते, ती भिंतीतल्या वायरला जपते. तुझ्या स्वयंपाकघरातल्या पिनला, म्हणजे सॉकेटला, अडीचची (अडीच चौरस मिलिमीटरची) वायर असेल. काही घरांत पैसे वाचवायला दीडचीही घातलेली असते. भिंतीतल्या पाइपात कोंडलेली अडीचची वायर साधारण वीसेक अँपिअर सुखानं वाहते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात, स्लॅबखाली तापलेल्या पाइपात, त्याहून कमीच. त्या वायरच्या तोंडाला ३२ ची एमसीबी बसवलीस तर पंचवीस-तीस अँपिअर जात राहील आणि एमसीबी गप्प बसेल. कुठलीही एमसीबी लिहिलेल्या आकड्याला लगेच पडत नाही. नियमाप्रमाणं १.१३ पट करंटला तासभर पडायची नाही आणि १.४५ पटाला तासाभरात पडायची. म्हणजे ३२ ची एमसीबी ३५-३६ अँपिअर तासभर चालू देईल. तेवढ्या वेळात वायरचं प्लास्टिक मऊ होतं, आणि जिथं जोड आहे तिथं आधी जळतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरमालकाच्या आग्रहाला बळी पडून मी स्वतः १६ च्या जागी ३२ ची टाकून दिली होती. दोनच दिवसांचं काम होतं, ते झालं आणि मी ती परत बदलायला विसरलो. पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गीझर चालू असताना माळ्याखालच्या जंक्शन बॉक्समधला पिळलेला जोड जळाला. घरातल्या आजींना वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून मी कुणाच्याही घरात वायर न बघता एमसीबी बदलत नाही.

एमसीबी पडण्याचेही दोन प्रकार असतात आणि त्यांची औषधं वेगळी असतात. मशीनचं बटण दाबताक्षणी, रॉड टेकवायच्या आधीच पडली, तर आतले रिकामे कपॅसिटर भरताना एकदम झटका ओढतात त्यानं ती पडलेली असते. तिथं बी प्रकारची एमसीबी असेल तर त्याच आकड्याची सी प्रकारची लावून भागतं. बी प्रकार तीन ते पाच पट झटक्याला पडतो, सी प्रकार पाच ते दहा पट सोसतो. पण तुझ्यासारखी काही रॉड झाल्यावर पडत असेल, तर ती गरम होऊन पडलीय. करंट खरोखरच जास्त जातोय. हा वायरनं दिलेला निरोप आहे, तो ऐकायचा.

आता किती जातोय ते पाहू. मशीनवर समोर मोठ्या अक्षरात २०० लिहिलंय ते रॉडच्या बाजूचे अँपिअर, आणि तेही बटण पूर्ण फिरवल्यावरचे. पिनमधून किती ओढणार हे त्या आकड्यावरून कळत नाही, त्याचा हिशेब वेगळा असतो. हातवेल्डिंगमध्ये आर्कचा, म्हणजे रॉडच्या टोकाच्या ठिणगीचा, व्होल्टेज धरायचं सूत्र सोपं आहे: २० अधिक अँपिअरचे चार टक्के. ८० अँपिअरला होतात २३.२ व्होल्ट, म्हणजे साधारण १८५० वॅट रॉडच्या टोकाला. मशीनमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून आत २२५० वॅट घ्यावे लागतात. आणि स्वस्त इन्व्हर्टर मशीन विजेच्या लाटेच्या फक्त शेंड्यावरूनच करंट ओढते, त्यामुळं वायरमधून वॅटच्या हिशेबापेक्षा बराच जास्त करंट वाहतो. हा फरक सांगणारा आकडा, पॉवर फॅक्टर, ०.७ धरला तर २३० व्होल्टला साधारण १४ अँपिअर. सोळाच्या पिनमध्ये हे बसतं.

दहा नंबरचा रॉड ११० अँपिअरला लावलास की हाच आकडा २० च्या पुढं जातो. १४० ला २७, आणि बटण खरोखर २०० वर नेलंस तर ४० च्या पुढं. घराच्या मीटरवर बघ, बऱ्याच ठिकाणी ५-३० असं छापलेलं असतं, म्हणजे मीटरच तीस अँपिअरचा. २०० च्या मशीनला पूर्ण ताकदीनं चालवायला आख्खं घर अपुरं पडतं. म्हणून मशीन वाईट नव्हे. तिचा निम्म्याखालचा भाग आपल्या घराचा, वरचा भाग वर्कशॉपच्या लाइनचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. हा करंट साध्या स्वस्त क्लॅम्प मीटरनं मोजशील तर तो कमी दाखवतो, कारण शेंड्यावरून ओढलेला करंट त्याला नीट वाचता येत नाही. ट्रू आरएमएस लिहिलेला मीटर लागतो. "मीटर तर तेराच दाखवतोय आणि तरी एमसीबी पडते, एमसीबीच खराब" असं म्हणून चांगल्या एमसीबी बदललेल्या मी पाहिल्यात.

आता व्होल्टेज. तुझ्याकडं संध्याकाळी घरात किती व्होल्ट असतात? आपल्या पट्ट्यात डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घराला २०५, कधी १९० सुद्धा मिळतात. जुनी तेलाची किंवा कॉपरची ट्रान्सफॉर्मर मशीन कमी व्होल्टेजला आपसूक कमी ताकदीनं चालते. इन्व्हर्टर मशीनचं उलट असतं. तिला रॉडला ठरलेले वॅट द्यायचेच असतात, म्हणून व्होल्टेज पडला की ती पिनमधून करंट वाढवते. २३० ला २० अँपिअर घेणारी मशीन १८२ ला पंचवीसच्या पुढं जाते. करंट वाढला की वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडतो, मग मशीन आणखी ओढते. एका मर्यादेखाली ती दमते, आर्क मऊ पडतो आणि रॉड चिकटायला लागतो. तुझं नेमकं हेच होतंय, आणि त्याचा मोठा वाटा त्या एक्स्टेन्शनचा आहे.

बाजारात तीस मीटरचं तयार गुंडाळीचं एक्स्टेन्शन मिळतं, त्यात बहुतेक वेळा एकची वायर असते, कधी पाऊणची. एकची वायर धरली तर जाऊन-येऊन साठ मीटरला साधारण १.१७ ओहम होतात. २० अँपिअरला त्यात २३ व्होल्ट जातात. घरात २०५ असतील तर मशीनला १८२ पोचतात. आणि त्या वायरमध्ये जवळजवळ ४७० वॅट नुसती उष्णता होते. मोकळ्या जमिनीवर पसरलेली वायर ती उष्णता हवेत सोडते, पण गुंडाळी तशीच रीळावर ठेवलीस तर आतले वेढे तापून एकमेकांना चिकटतात. अशी वितळून एकजीव झालेली रिळं माझ्या दुकानात दुरुस्तीला आली आहेत. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही उरत नाही.

तेव्हा ते एक्स्टेन्शन दिव्याला आणि ड्रिल मशीनला ठेव. वेल्डिंगसाठी अडीचची तीन कोअरची लवचीक तांब्याची केबल घे, वीस मीटरच्या पुढं जायचं असेल तर चारची. पूर्ण उलगडून वापर. तिसरी हिरवी वायर दोन्ही टोकांना जोडलेली आहे का ते स्वतः उघडून बघ. शक्य असेल तिथं याहून सोपा उपाय आहे: मशीन पिनजवळ ठेव आणि रॉडकडची जाड केबल लांब घे. मशीनबरोबर येणारी दोन-तीन मीटरची केबल फार तोकडी असते. २५ चौरस मिलिमीटरची दहा मीटर वेल्डिंग केबल होल्डरला आणि तेवढीच क्लॅम्पला लावलीस तर ८० अँपिअरला दीड व्होल्टच्या आसपास पडतो. तो मशीनला कळतही नाही.

पिनचीही परीक्षा कर. एक रॉड जाळ, मशीन बंद कर, भिंतीचं बटण बंद कर, टॉप (मशीनच्या वायरीचा प्लग) बाहेर काढ आणि पिना हाताच्या पाठीला लावून बघ. कोमट असतील तर ठीक. चटका बसला तर सॉकेटच्या आतली पकड सैल झालीय किंवा मागचा स्क्रू ढिला आहे. सॉकेटच्या तोंडाशी तपकिरी डाग असेल, टॉपची पिन काळी पडली असेल, तर ते सॉकेट त्याच दिवशी बदल. सहाच्या पिनला जोडणी करून मशीन लावणं तर विचारातही आणू नकोस. मशीनबरोबर आलेला टॉप हलका वाटत असेल तर तोही चांगल्या जाड पिनांचा घे, शे-दोनशे रुपयांचं काम आहे.

पूर्ण लाइन तपासायची माझी पद्धत अशी. घरातली मोठी उपकरणं बंद करून त्या पिनला मल्टिमीटरनं व्होल्टेज घ्यायचा. मग त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटला दोन हजार वॅटचा हीटर किंवा तेवढाच काहीतरी लोड लावून परत घ्यायचा. पाच-सात व्होल्ट पडले तर चालतं. बारा-पंधरा पडले तर कुठंतरी जोड सैल आहे. मग मागं मागं जायचं: पिन, बोर्ड, न्यूट्रलची पट्टी, मेन स्विच, मीटरचं टर्मिनल, खांबावरचा जोड. मीटरच्या अलीकडचं आपलं, मीटर आणि त्याच्या पलीकडचं महावितरणचं, तिथं हात घालायचा नाही, लाइनमनला बोलवायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरला तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली असते तिथं हमखास दोष सापडतो. नदीकाठच्या गावांत राहणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्या. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्या घरांच्या बोर्डात शिरलं, तिथं बाहेरून नवे स्विच बसवलेत, पण आतल्या पट्ट्यांचे स्क्रू गंजलेले तसेच आहेत. टीव्ही-पंख्याला ते पुरतात. चौदा अँपिअरला नाही पुरत.

अर्थिंगवर मला थोडं जास्त लिहायचंय, कारण आपल्या धंद्यातल्या एका शब्दानं फार गोंधळ केलाय. जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, जो चिमटा लावतो त्याला आपण सगळे "अर्थिंग" म्हणतो. "अर्थिंग लाव रे" म्हणजे चिमटा लाव. त्यामुळं कित्येक जणांना खरंच वाटतं की चिमटा लावला म्हणजे मशीनला अर्थिंग झालं. तो चिमटा वेल्डिंगच्या करंटला परत मशीनमध्ये आणणारा रस्ता आहे. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही. मशीनच्या पत्र्याच्या खोक्यात उद्या आतली वायर घासून टेकली, तर तुला वाचवणारी फक्त टॉपची तिसरी पिन आहे, ती मोठी आणि वरची. ती पिन मोडून टाकलेली, किंवा घरात अर्थिंगचा खड्डाच नाही म्हणून सॉकेटला हिरवी वायर रिकामीच लोंबतेय, अशी घरं मी आजही पाहतो. खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घाल, मुरमाड जमिनीत तर नक्कीच. कोरड्या मुरमात अर्थिंग नावालाच उरतं. आणि मेनला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) बसव. घर बांधताना टाइल्सवर जेवढा विचार करतो त्याच्या शंभराव्या हिश्शाचा खर्च आहे तो.

चिमटा जॉबलाच लावायचा, आणि जोडाच्या जितका जवळ तितका बरा. शेडच्या खांबाला चिमटा आणि वेल्डिंग भलतीकडं, असं केलं की करंट परतीचा रस्ता मिळेल तिथून शोधतो. वाटेत बोअरच्या मोटारीचं अर्थिंग किंवा घराची हिरवी वायर आली तर ८० अँपिअर त्या बारीक वायरमधून धावतात आणि ती आतल्या आत जळून जाते. बाहेरून काही दिसत नाही, घर मात्र त्या दिवसापासून अर्थिंगविना. मोटारीच्या एका बाजूला चिमटा आणि दुसऱ्या बाजूला रॉड लावला तर मधल्या बेअरिंगवर ठिणग्यांचे डाग पडतात, महिन्याभरात ती आवाज करायला लागते. ट्रॅक्टरवर काम असेल तर आधी बॅटरीची टर्मिनलं काढ.

तू बागेतल्या कामाबद्दल विचारलं नाहीस, पण मशीन हाताशी आली की ती बागेत जाणारच, म्हणून आधीच सांगतो. मोटारीच्या पेटीतून दोन फेज घेऊन वेल्डिंग करायची आपल्याकडं जुनी सवय आहे. तेलाची मशीन त्यासाठीच बनलेली असायची, तिच्यावर ४१५ व्होल्टचं टर्मिनल असतं. तुझी मशीन २३० ची आहे. तिच्यात आलेली वीज आधी डीसी होते, २३० ला साधारण ३२५ व्होल्ट. आतले कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचे असतात. दोन फेज दिलेस की तिथं ५८७ व्होल्ट जातात आणि कपॅसिटर फटाक्यासारखे फुटतात. दुरुस्तीला येणाऱ्या या मशिनींत हा प्रकार बराच असतो.

मग दुसरी युक्ती केली जाते, ती याहून वाईट. पेटीत न्यूट्रल नसतो, म्हणून एक फेज घेतात आणि जमिनीत सळई ठोकून तिलाच न्यूट्रल करतात. दिवा लागतो, त्यामुळं लोकांना वाटतं जमलं. वेल्डिंगचा करंट असा जमिनीतून न्यायला गेलं की सळईच्या भोवतालची ओली जमीन जिवंत होते. माणसाच्या दोन पावलांत फूट-दीड फूट अंतर असतं, बैलाच्या किंवा म्हशीच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फूट. तेवढ्या अंतरात व्होल्टेजचा फरकही तेवढाच मोठा, म्हणून माणूस झिणझिण्यांवर वाचतो आणि जनावर जागेवर पडतं. एवढं करून वेल्डिंगही होत नाही, कारण सळईचा रोध वीस ओहम जरी धरला तरी २३० व्होल्टला बारा अँपिअरसुद्धा निघत नाहीत. कृपा करून हे कुणी करू नका, आणि शेजारी करत असेल तर त्याला थांबवा.

सोलर पंपाच्या कंट्रोलरवर मशीन चालेल का, असं अलीकडं बरेच जण विचारतात. नाही चालणार. तो कंट्रोलर उन्हाप्रमाणं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बदलत मोटारीला देतो, मशीनला तशी वीज चालत नाही. घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरचंही नाव काढू नकोस. बागेत लांब काम असेल तर जनरेटर भाड्यानं आण. बारा नंबरच्या रॉडला पाच केव्हीए, दहा नंबरला सात-साडेसातच्या आसपास.

आता घरच्या पिनवर काम चांगलं कसं काढायचं. बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटरचा ६०१३ रॉड, ७० ते ८० अँपिअर. एक रॉड साधारण मिनिटभर जळतो. मग स्लॅग (जोडावरची खपली) फोडायचा, ब्रश मारायचा, पुढचा जोड साफ करायचा. या सगळ्यात मशीनला आणि वायरला आपोआप विश्रांती मिळते. ही विश्रांती महत्त्वाची आहे, कारण वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या हिशेबानं. १४ अँपिअर दहा मिनिटांतली चारच मिनिटं वाहिला, तर वायरच्या दृष्टीनं तो नऊ अँपिअर सतत वाहिल्यासारखा. मशीनच्या मागच्या पट्टीवर ड्यूटी सायकल लिहिलेली असते, तिचा अर्थ हाच: ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं आराम. पट्टीवर इनपुट करंटचे दोन आकडे असतात, एक जास्तीत जास्त आणि दुसरा परिणामी, म्हणजे आराम धरून सतत वाहिल्यासारखा. घेतानाच ते दोन्ही बघायचे. ज्या मशीनला ती पट्टीच नाही ती घेऊ नये, समोर कितीही मोठा आकडा रंगवलेला असो.

फाटकाची दोन मिलिमीटरची चौकोनी पाइप, रॅकचा ३५ बाय ५ चा अँगल, हे सगळं बारा नंबरनं उत्तम होतं. पाच-सहा मिलिमीटर जाडीला एकदम भरायला जाऊ नकोस. ग्राइंडरनं कडा तिरक्या कर, खाच पाड आणि दोन-तीन थरांत भर, दर थरानंतर स्लॅग पूर्ण काढून. वेळ जास्त लागतो, पण जोड दहा नंबरच्या एका घाईच्या थरापेक्षा चांगला बसतो. पातळ पाइप, दीड मिलिमीटरच्या आसपासची, असेल तर चौदा नंबर घे, पन्नास अँपिअर, नाहीतर भोकं पडतील. पावसाळ्यात रॉड दमट होतात आणि मग माणूस दोष मशीनला देतो. पाकीट फोडल्यावर उरलेले रॉड घट्ट झाकणाच्या पाइपात ठेव, वापरायच्या आधी कडक उन्हात तापव. वेल्डिंग सुरू असताना घरात फ्रीज सोडून बाकी मोठं काही लावू नका म्हणून घरच्यांना आधी सांग. गीझर, मिक्सर, पाण्याची मोटार थांबू दे. सकाळी दहा ते दुपारी चार, जेव्हा तुझ्याकडं व्होल्टेज चांगला असतो, तेव्हा काम काढ.

बेदाणा शेडबद्दल मला खरी काळजी वाटते. तिथं वर शेडनेट, रॅकवर जाळी, कोपऱ्यात गंधकाच्या पिशव्या, शेजारी कडब्याची गंजी. हे सगळं पेटणारं आहे, आणि गंधकाची भुकटी तर ठिणगीनंही पेट घेते, तिचा धूर छातीत भरतो. रॅक शेडमध्ये जोडू नकोस. बाहेर अंगणात जोड आणि मग आत ने. आतच करावं लागलं तर नेट-जाळी-गंधक आधी बाहेर काढ, पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळू जवळ ठेव, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथंच थांब. पाण्याला हात लावायच्या आधी मशीनचा टॉप काढायचा. जाळीत अडकलेली ठिणगी लगेच दिसत नाही. रॅकला जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेली, पाइप वापरणार असशील तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जस्त ग्राइंडरनं काढ, वाऱ्याच्या पाठीशी उभा राहा. तो पांढरा धूर श्वासात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. ओल्या जमिनीवर उभं राहायचं नाही, पायाखाली कोरडी फळी, हातात कोरडे कातडी मोजे. रॉड रिकामा असताना होल्डरवर साठ-सत्तर व्होल्ट असतात, घामेजल्या अंगाला ते पुरेसे आहेत. हेल्मेटला दहा किंवा अकरा नंबरची काच.

वेगळ्या लाइनचं सांगतो म्हणालो होतो. मेन बोर्डातून सरळ, मधे कुठंही जोड न देता, चारची तांब्याची वायर, तिच्यावर २५ अँपिअरची सी प्रकारची डबल पोल एमसीबी, पुढं ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, आणि घराच्या बाहेरच्या भिंतीवर पावसापासून आडोशाला ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट. अंतर वीस मीटरच्या पुढं असेल तर सहाची वायर. यावर दहा नंबरचा रॉड ११० ला नीट चालतो. परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घे, आणि त्याआधी बिलावरचा मंजूर भार बघ. एक-दोन किलोवॅट असेल तर महावितरणकडं अर्ज करून तो वाढवून घे. स्वतःच्या घराचं काम घरच्या जोडणीवर केलंस तर प्रश्न नाही. पैसे घेऊन गावाची कामं करायला लागलास तर मात्र जोडणी त्या वापराची हवी. घरगुती जोडणीवर धंदा सापडला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते, आणि ती दुप्पट दरानं.

या आठवड्यात फाटक उरकायचं असेल तर असं कर: १६ ची एमसीबी आहे तशी राहू दे, अडीचची केबल आण, बारा नंबरचं पाकीट घे आणि फाटकाची चौकट जोडून घे. खांबात बसणाऱ्या बिजागऱ्यांच्या जाड पट्ट्या तेवढ्या गावातल्या वर्कशॉपवर नेऊन दहा नंबरनं मारून घे. फाटकाचं सगळं वजन त्याच दोन जोडांवर येणार आहे, आणि लहान पोरं त्याच फाटकावर झोके घेणार.